‘कोणाकडून’ हा रकाना

“तो बोलायला लागला की त्याला भान राहत नाही. भान तू ठेव. आणि रकाना रिकामा सोडू नकोस.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मांडीवर जाड पुठ्ठ्याची वही होती. सासरे प्रवचनकार होते. त्यांची वही सासूबाईंनी तीस वर्षं ठेवली. मग मुलगा व्यासपीठावर उभा राहू लागला आणि वही माझ्याकडे आली.

वही दृष्टांतांची. प्रवचन कितीही मोठं असो, माणूस घरी नेतो तो दृष्टांत. आणि तोच दृष्टांत त्याच लोकांना दुसऱ्यांदा सांगितला की प्रवचनकार उघडा पडतो. मागच्या रांगेतला एखादा म्हातारा शेजाऱ्याला कोपरखळी मारून शेवट आधीच सांगून टाकतो. म्हणून वहीत चार रकाने. क्रमांक, दृष्टांत थोडक्यात, कुठे आणि कधी सांगितला, आणि शेवटचा ‘कोणाकडून’. म्हणजे तो मिळाला कुठून? ग्रंथातून, वडिलांकडून, की प्रवासात भेटलेल्या एखाद्या सुताराकडून. “ज्याचं त्याच्या नावावर असावं,” सासूबाई म्हणायच्या. “उसनं आणलेलं घरचं म्हणून वाढायला लागला की समजावं, संपला.”

बावीस वर्षं मी ती वही ठेवत होते.

माझे रोजचे तीन नेम आहेत. सकाळी प्रार्थनेला बसले की मनातल्या मनात म्हणते, आज खोटं बोलणार नाही, पाठीमागे कुणाचं वाईट बोलणार नाही, आवाज चढवणार नाही. जन्मभराचं वचन मला पेलत नाही, म्हणून एका दिवसापुरतं घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेते. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी नणंद यावरून माझी थट्टा करते. “वहिनीच्या नेमांनी माझी दुपार बुडते,” म्हणते. “कुणाचं काही सांगायला जावं तर ही आपली ‘असेल बाई त्यांचं काही’ म्हणत भाजी निवडते.”

त्या रविवारी विषय होता ‘हाक’. सभागृह भरलेलं होतं, तीनशेच्या वर माणसं. मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेत, कडेला. ठरलेला दृष्टांत पहारेकऱ्याचा होता, मीच वहीतून शोधून दिलेला, आमच्या गावात सात वर्षांत न सांगितलेला. पण हवेत उष्मा होता आणि सुरुवातीचं विवेचन जरा लांबलं. खुर्च्या करकरायला लागल्या. एकाला खोकला आला, त्याचं बघून चौघांना आला. श्रोते निसटायला लागले की यांच्या मानेवर एक शीर उठते. ती मला तिसऱ्या रांगेतून दिसते. ती उठली, आणि यांनी पहारेकऱ्याला तिथेच सोडलं.

“माझ्या माहितीतले एक गृहस्थ आहेत,” हे म्हणाले. आवाज एकदम खाली आणला होता.

त्या गृहस्थांची आई अंथरुणाला खिळलेली. वाचा गेलेली. काही हवं असलं की ती उशाशी ठेवलेला चमचा घेऊन भिंतीवर वाजवायची, तीन वेळा. पलीकडच्या खोलीतून मुलगा उठून यायचा. चौदा महिने, रात्री तीन-तीनदा. आणि एका रात्री चमचा वाजला तेव्हा तो जागाच होता. त्याला ऐकू आलं. त्याच्या मनात आलं, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं पडतो. त्याने कूस बदलली. चमचा पुन्हा वाजला, यावेळी दोनदाच. मग वाजला नाही.

यांनी बोटाच्या पेराने समोरच्या लाकडी स्टँडवर ठोकलं. तीनदा. थांबून, दोनदा.

कुणी खोकलं नाही. बायकांचे रुमाल निघाले. माझेही डोळे भरले, हे मी लपवत नाही. आणि त्या शांततेत पाचव्या रांगेत एक खुर्ची सरकली.

बाइंडरबाई उठल्या होत्या. गल्लीतल्या पुस्तकबांधणीच्या दुकानाच्या मालकीण. सगळं गाव त्यांना याच नावाने ओळखतं. यांच्या प्रवचनांचे पाचही खंड त्यांनीच बांधले होते. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी दीर्घ आजाराने वारले. बाई पळाल्या नाहीत. एकेका खुर्चीची पाठ धरत, पाय टाकायला जागा शोधावी तशा, दाराकडे गेल्या. त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शिवणकाम करणारी शेजारीण वळून त्यांच्याकडे बघत होती. तिचा हात तोंडावर होता.

मी यांच्याकडे पाहिलं. यांना पुढचा शब्द सापडत नव्हता. बावीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. क्षणभरच, मग सापडला आणि प्रवचन पुढे गेलं.

बाहेर पडताना प्रवचन मंडळाच्या अध्यक्षांनी यांचा हात दोन्ही हातांत धरला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. “आज मुळासकट काढलंत हो,” म्हणाले, “आणि भूल न देता!” लोक हसले. हेही हसले, पण उशिरा.

जिन्याखालच्या छोट्या खोलीतून तारकाकांनी मला हाक मारली. त्यांना तारकाका म्हणतात, कारण सभागृहातली प्रत्येक तार त्यांनी ओढलेली आहे. प्रवचनाचं रेकॉर्डिंग तेच करतात. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही अशा चाळीस घरी दर सोमवारी त्या आठवड्याची सीडी जाते. सकाळी अकराला दोन सायकली निघतात. “सूनबाई, आजचं बघ,” कानाचा हेडफोन सारत म्हणाले, “आजचं म्हणजे असं आलंय की टाचणी पडली तर टाचणीसुद्धा ओळखू येईल.”

दुपारी जेवण झाल्यावर मी वही काढली. त्या दिवशीचा दृष्टांत त्याच दिवशी टिपायचा, ही रीत. हे हात पुसत उभे होते.

“कोणाकडून लिहू?”

“काय?”

“आजचा. चमच्याचा.”

“वाचला होता कुठंतरी.”

“कुठं?”

“अगं, सगळं लक्षात राहतं का? ‘वाचनातून’ लिही.”

मी लिहिलं नाही. मागची पानं उलटली. कापलेल्या कागदाच्या पट्ट्या टाकून न देता डब्यात साठवणारी बाई: वाचनातून. जुनं पुस्तक टेबलावर ठेवलं की सगळ्यांत जास्त वाचलेल्या पानावर आपोआप उघडतं, तसं मन: वाचनातून. नवऱ्याचा चष्मा अजून रोज पुसून ठेवणारी: वाचनातून. दोन वर्षांत अकरा. अक्षर माझंच. हे दोन वर्षांत वर्तमानपत्राखेरीज काही वाचत नव्हते, ते मला माहीत होतं. चष्म्याचा नंबर वाढलाय, करून घ्या, असं मी स्वतःच म्हणत होते. आणि यांच्या कोटाच्या बाहीला अधूनमधून खळीचा वास यायचा, पिठाच्या शिजवलेल्या खळीचा. खंड तपासायला जायचे, म्हणून येत असेल, असं मी म्हणत होते. शेवटचा खंड छापून होऊन सव्वा वर्ष झालं होतं.

नाकाला कळलं होतं. मीच मनाला कळू दिलं नव्हतं. खोटं बोलायचं नाही हा नेम मी एक दिवसही मोडला नाही. फक्त अकरा वेळा लिहिलं.

मी पेन खाली ठेवलं. “जरा जाऊन येते.”

“उन्हाची कुठे?”

“बाइंडिंगच्या दुकानात.”

यांनी हातातला पेला टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. आज रविवार, दुकान बंद असेल, असं म्हणाले नाहीत. मला तेवढं उत्तर पुरलं.

दुकानाची फळी लावलेली होती, पण बाजूचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पुठ्ठ्यांच्या थप्प्या, लोखंडी प्रेस, कोपऱ्यात झाकलेलं कापायचं यंत्र. बाई स्टुलावर बसून एका जाड पुस्तकाचे फर्मे शिवत होत्या. फर्मे म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे. एकेक घ्यायचा, सुईने मागच्याला जोडायचा. त्यांनी वर पाहिलं, आणि हात थांबला नाही.

“वहिनी,” म्हणाल्या, आणि थांबल्या. सगळं गाव मला वहिनी म्हणतं. त्यांच्या तोंडून तो शब्द आम्हा दोघींनाही टोचला. “काय म्हणू मी तुम्हाला?”

“नुसतं ‘अहो’ म्हणा.”

“शिव्या द्यायला आलात?”

“मला येत नाहीत.”

“शिकवू? मला प्रेसवाल्यांनी शिकवल्यात. चांगल्या दणदणीत आहेत.” आणि त्या हसल्या, आणि हसता हसता तोंड वाकडं झालं, आणि त्यांनी सुई पुठ्ठ्यात खोचून ठेवली.

मी समोरच्या गठ्ठ्यावर बसले. बसायला दुसरं काही नव्हतं. मला वाटलं होतं की मला राग येईल. वाटेत मी तो शोधतही होते. पण समोर जी बसली होती तिचे डोळे रडून इतके बारीक झाले होते की रागाला शिरायला जागा नव्हती. नंतर आला राग. तिथे नाही आला.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“आज दुपारपासून. आणि दोन वर्षांपासून.”

त्यांनी मान हलवली, जसं काही दोन्ही उत्तरं बरोबर होती. “थंडीपासून काही नाहीये. मीच म्हटलं, येऊ नका. ते आले की बरं वाटायचं, गेले की तुम्ही दिसायचात. तुम्ही चालता ना, अशा, कडेकडेने... तशा.” मग म्हणाल्या, “माझं चुकलं, हे मी म्हणणार नाही असं नाही. म्हणते. पण आज मला त्याचं रडू येत नाहीये. खोटं कशाला सांगू?”

“चमच्याचं येतंय.”

“ते मी त्यांना दिलं नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “सांगितलं होतं. देणं वेगळं, सांगणं वेगळं. चार वर्षांत मी ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. मला वाटलं, चला, आता हे दोघांनी मिळून उचललंय. आणि आज...” त्यांनी टेबलावर बोट ठेवलं, पण ठोकलं नाही. “नवऱ्याच्या जागी आई केली, बाईच्या जागी बाप्या केला. पण चमचा तसाच ठेवला. भिंत तशीच ठेवली. दोनदा वाजला तेही ठेवलं. शेजारणीने रोज ऐकलाय तो चमचा. तिला काय सांगायचं?”

“तिने काही विचारलं?”

“डबा घेऊन आली. डबा ठेवला आणि गेली. विचारलं असतं तर बरं झालं असतं.” मग त्या एकदम पुढे वाकल्या. “शेजारणीचं जाऊ दे. आमच्या आई आहेत. माझ्या सासूबाई. थोरल्या दिरांकडे असतात, गावाच्या त्या टोकाला. दोन वर्षं अंथरुणात. दर सोमवारी तुमची सीडी येते, ती आठवडाभर लावून ठेवतात, पाठ होईपर्यंत. तो चमचा त्यांनीच माझ्या यजमानांच्या हातात दिला होता. लहानपणी ताप आला की असाच वाजवायचा, म्हणायच्या, मी धावत जायची. दर बुधवारी मी त्यांना न्हाऊ घालायला जाते. प्रत्येक बुधवारी माझा हात धरून एकच म्हणतात. ‘तू होतीस म्हणून माझा लेक निर्धास्त गेला.’”

बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग मी त्यांना वहीतल्या दोनशे बाराव्या क्रमांकाचं सांगितलं. मी ते कुणाला सांगत नाही, पण त्या दिवशी सांगितलं. आम्हाला मुलगी झाली होती, एक दिवस जगली. पुढे काही वर्षांनी यांनी व्यासपीठावरून सांगितलं, एक आई रिकाम्या पाळण्याची दोरी रात्री झोपेत ओढायची. नाव घेतलं नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रवचन संपल्यावर बायका रांगेने माझे हात हातात घेऊन गेल्या. कुणी मायेने, कुणी उत्सुकतेने. मी घरी येऊन वहीत लिहिलं. कोणाकडून: स्वतःकडून. “त्यात मी होते,” मी म्हटलं. “मला कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, चांगल्या कामाला गेलं, तर आपण का कुरकुरायचं?”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “दोरी खरंच ओढायचात?”

“हो.”

त्यांनी हात पुढे केला, मग मधेच मागे घेऊन साडीला पुसला. खळ लागलेली होती.

“ती सीडी जाणार नाही,” मी म्हटलं. “तुमच्या आईंकडे नाही आणि कुणाकडेच नाही. शब्द देते.”

“कसं थांबवणार? व्यासपीठावरून गेलेला शब्द मागे घ्यायचा तर अध्यक्षांना कारण द्यावं लागतं. तुमच्याच मंडळाचा नियम.”

“देईन.”

“आणि काय सांगाल? तुम्ही खोटं बोलत नाही, हे लहान मुलांनासुद्धा माहीत आहे.” आणि मग त्यांच्या लक्षात आलं, माझ्या आधी. “नको. अहो, नका जाऊ. विश्वासाने सांगितलेलं तिथून बोलायचं नाही, हा पहिला नियम. त्यांना खाली बसवतील. तुम्ही राहता ती जागा मंडळाची आहे. माझं एक झाकायला तुमचं सगळं उघडं पडेल.”

“दिलाय शब्द,” मी म्हटलं, आणि उठले.

घरी आले तेव्हा दिवस कलायला आला होता. हे खिडकीपाशी उभे होते. वही मी ठेवली होती तिथेच, त्याच पानावर.

“ती कशी आहे?” यांनी विचारलं. हा पहिला प्रश्न होता. तो मला लागला, आणि तो विचारला नसता तर जास्त लागला असता.

“रडतेय. तुमच्यासाठी नाही.”

हे खुर्चीत बसले. मग म्हणाले, “मी कधी सुरुवात झाली, का झाली, असं सगळं सांगू शकतो. पण मी सांगायला लागलो की ते चांगलंच वाटेल. मला तीच भीती आहे.”

“साधं सांगा.”

“तिच्याकडे गेलो की मी ऐकायचो. बाकी सगळीकडे मी बोलतो, लोक ऐकतात.”

“आणि मी?”

“तू लिहून घेतेस.”

त्यात माझं काही असेल तर ते माझं मी बघेन.

“ती पाचव्या रांगेत बसते हे माहीत होतं तुम्हाला.”

“होतं.”

“मग?”

“निसटत होते गं सगळे.” यांनी दोन्ही तळवे उघडे केले. “हाताला काहीतरी हवं होतं. सगळ्यांत जड जे होतं ते उचललं. उचलल्यावर दिसली ती. तोवर तोंडातून गेलं होतं.”

मी सीडीचं सांगितलं, आणि शब्द दिल्याचं. हे ताबडतोब सावरून बसले. काम दिसलं की यांना जीव येतो. “एवढंच ना? मी जातो तारकाकांकडे. आवाज खराब आलाय म्हणून सांगतो. मशीन आहे, होतं असं. तुला एक अक्षर बोलावं लागणार नाही. तुझा नेमही राहील.”

खरं सांगते, माझ्या मनाने अर्धी मान हलवली. मी बोलायचं नव्हतं. खोटं यांचं होतं. शब्द पाळला गेला असता, घर राहिलं असतं, बुधवारी त्या म्हातारीने सुनेचा हात तसाच धरला असता.

मग तारकाकांची ती जिन्याखालची खोली डोळ्यांपुढे आली. गेल्या वर्षी एकदा खरोखरच आवाज बिघडला होता, तेव्हा मंडळात बोलणं झालं होतं की काकांना आता कमी ऐकू येतं, दुसरा माणूस बघावा. तेव्हापासून काका प्रत्येक रेकॉर्डिंग तीन-तीनदा ऐकून मगच खोलीला कुलूप लावतात.

“त्यांना म्हणणार, आवाज खराब आलाय?” मी म्हटलं. “ज्यांनी टाचणी ओळखू येईल असं काढलंय, त्यांना? ते म्हातारे होऊन बसतील एका दिवसात. मंडळ त्यांना काढेल.”

“अगं, मी बोलेन ना अध्यक्षांशी, समजावून...”

“पुरे!”

माझा तिसरा नेम तिथे गेला. इतका मोठा आवाज माझ्या गळ्यात होता हे मला माहीत नव्हतं. टेबलावरच्या पेल्यात पाणी हललं. खालून धाडधाड पावलं आली आणि नणंद दारात उभी राहिली, हातात लाटणं तसंच.

“काय झालं? कोण ओरडलं?”

“मी,” मी म्हटलं.

“तू? मला वाटलं रेडिओ लागलाय.” तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. आमची नणंद तोंडाने फटकळ आहे, पण आंधळी नाही. “दादा, काय केलंस रे?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मला म्हणाली, “पोळ्या करतेय मी. तू चूल पेटवू नकोस आज. वर पाठवते.” आणि लाटणं घेऊन खाली गेली.

आम्ही जेवलो. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण जेवलो. मग मी माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं.

सकाळी प्रार्थनेला बसले आणि तीन नेम पुन्हा घेतले. तिसरा घेताना जरा थांबले, पण घेतला. माझं एक नेहमीचं होतं, की सगळं नीट मनात लागेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. त्या दिवशी ते लागायला साडेनऊ वाजले.

हे दाढी करून, कपडे करून टेबलाशी बसले होते. रात्री झोपले नसावेत.

“काय सांगणार आहेस?” यांनी विचारलं.

“की तो दृष्टांत दुसऱ्याचा आहे, विश्वासाने सांगितलेला आहे, आणि ज्याचा आहे त्याला न विचारता बोलला गेला. म्हणून जाऊ नये.”

“कोणाचा, म्हणून विचारतील.”

“ते सांगणार नाही. सांगणार नाही म्हणणं खोटं नसतं. ते तिचं आहे.”

“तुम्हाला कसं कळलं, असं विचारतील.”

“माझ्या घरात आहे म्हणून कळलं, असं म्हणेन. तेवढं माझं आहे.”

“आणि त्यावरून ते ओळखतील.”

“ओळखतील कदाचित. दातांच्या डॉक्टरांना आत कुठे किडलंय ते कळतं.” मला हसवायचं नव्हतं, पण यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, आणि लगेच गेलं.

“आणि माझं?” हे म्हणाले. “माझं तू काय सांगणार?”

“तुमचं काही नाही. तुमचं मी सांगायला लागले तर मीही तेच केलं, जे तुम्ही काल केलंत.” मी पदर खोचला, पायात चपला सरकवल्या. “तुमचं तुम्ही सांगा. आज सांगा, उद्या सांगा, सांगू नका. मी वाट अडवणार नाही आणि मी पुढे ढकलणारही नाही.”

हे उठून दारापर्यंत आले. त्या मोठ्या देखण्या आवाजातलं काही शिल्लक नव्हतं. “परत येशील ना?”

मला पटकन हो म्हणता आलं असतं. बावीस वर्षं मी पटकन हो म्हणत आले होते.

“सीड्या थांबवून येते,” मी म्हटलं. “मग बघू. आत्ता मला एवढंच माहीत आहे.”

जिना उतरताना नणंदेच्या दारातून फोडणीचा वास आला. तिने मान बाहेर काढली, मला तयार झालेली पाहिलं. “ऊन आहे, डोक्यावर घे,” एवढंच म्हणाली. मी डोक्यावर पदर घेतला. चौकातलं घड्याळ पावणेदहा दाखवत होतं. डावीकडची गल्ली बांधणीच्या दुकानाकडे जाते. मी सरळ सभागृहाचा रस्ता धरला. तिथे तारकाका पहिली प्रत कानाला लावून बसले असणार, आणि बाहेर भिंतीला दोन सायकली टेकून उभ्या असणार.